खाडीतल्या बायकांचे अकरा टायमर

नोकरीतली इतर प्रकरणं आठवायची तर मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. या प्रकरणासाठी डायरी लागत नाही. यात गुन्हा कोणीच केला नव्हता, आणि तरीही एक माणूस गेलं. चोपन्नाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा अर्जात प्रकृतीचं कारण दिलं होतं. खरं कारण हे प्रकरण होतं. कोणाचंही नाव न घेता ते लिहितो आहे. माझी चूक मात्र झाकणार नाही.

तेव्हा मी पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. बुधवारी सकाळी आठच्या सुमारास ठाणे अंमलदाराकडे फोन आला. खाडीवर पुलाचं काम चालू होतं, तिथल्या सुरक्षारक्षकाचा. चिखलात रोवलेल्या बांबूला हातभर लांबीचा पाइप बांधलेला आहे, त्यातून लाल दिवा मिचकतो आहे आणि एकसारखा आवाज येतो आहे, असं तो घाबऱ्याघुबऱ्या सांगत होता. आम्हाला फोन करण्याआधी त्याने व्हिडिओ काढून दोन ग्रुपवर टाकला होता. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत तो व्हिडिओ माझ्याच मोबाइलवर तीन ठिकाणांहून येऊन पोचला.

त्या आठवड्यात एका बड्या पाहुण्यांचा दौरा होता आणि त्यांचा रस्ता कळंबोलीवरून जाणार होता. पोलिसाला एवढं सांगितलं की पुढचं कळतं. वरिष्ठांचा पहिला फोन पुलापाशी पोचण्याआधी आला, दुसरा पोचल्यावर.

बॉम्बशोधक पथकाने तास-दीड तासात काम संपवलं. दोन्ही बाजूंनी टोपण लावलेला प्लंबिंगचा पांढरा पाइप, आत नऊ व्होल्टची बॅटरी, बोटाच्या पेराएवढी एक आयसी चिप, चार-पाच सुटे भाग आणि एक बझर. स्फोटकाचा कणही नाही. पथकाचे अधिकारी हातमोजे काढत म्हणाले, "टायमर आहे. ठराविक वेळ मोजतो आणि वाजतो. बाकी काही नाही."

"मग खाडीत कशाला?" मी विचारलं.

"ते तुमचं काम. प्रयोगशाळेला पाठवा, नमुना म्हणून हा एक पुरे."

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. पुढे काय झालं ते सांगताना हे नोंदवून ठेवणं मला आवश्यक वाटतं.

सर्किट पाइपात हलू नये म्हणून भोवती एक कागद गुंडाळला होता. तो कामोठ्यातल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाच्या पावतीचा निघाला. दुकानाचं नाव, पत्ता, सगळं छापलेलं. ज्याला लपायचं असतं तो आपली पावती आत गुंडाळत नाही, हे शिपायालाही कळेल. मलाही कळलं. पण व्हिडिओ गावभर फिरत होता आणि मला संध्याकाळच्या आत "एक इसम ताब्यात" असं वर कळवायचं होतं.

दुकानदार पन्नाशीचा, बारीक अंगाचा, चष्म्याची एक काडी सोल्डरिंगच्या तारेने बांधलेला माणूस होता. आधी आयटीआयमध्ये शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. आम्ही गेलो तेव्हा तो एक रिमोट उघडून बसला होता. मी पाइपाचा फोटो दाखवला. त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, सापडला का? सकाळपासून बायका शोधतायत."

माझ्याबरोबरचा हवालदार खो खो हसला. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि मास्तरला म्हणालो, "चल, गाडीत बस."

"तू" म्हणालो. वयाने तो माझ्याहून मोठा होता.

ठाण्यात त्याने जे सांगितलं ते असं. खाडीकाठच्या त्याच्या मूळ गावातल्या बायका ओहोटीला चिखलात तिसऱ्यांचे शिंपले आणि चिंबोऱ्या काढायला जातात. पाणी परत फिरायच्या आत त्यांना काठाला लागावं लागतं. ती वेळ कळावी म्हणून त्याने हे टायमर बनवले. चार-चार बायकांच्या टोळीमागे एक, शिवाय काही जास्तीचे, असे एकूण अकरा. त्या दिवशी पहाटे, पुलाजवळ जायला मनाई असूनही एक टोळी तिथे गेली होती. रात्रपाळीचा रक्षक शिट्ट्या मारत आला म्हणून त्या पळाल्या, आणि पाइप बांबूला तसाच राहिला.

"बायकांकडे मोबाइल नाहीत का?" मी विचारलं. "मोबाइलमध्ये टायमर असतो."

"साहेब, कोपरापर्यंत हात चिखलात. मोबाइल घरी ठेवून जातात. आणि एकीच्या कमरेला वाजलं तर दुसरीला ऐकू जात नाही. बांबूवर वाजलं की सगळ्यांना ऐकू जातं."

मला पटलं होतं. पण पटलं हे कागदावर येत नाही. गुरुवारी सकाळी मी दोन पंच आणि महिला शिपाई घेऊन गावात गेलो आणि उरलेले दहाही टायमर जप्त केले. कोणाच्या न्हाणीत, कोणाच्या टोपलीत, एक तर देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला. मास्तरच्या दुकानातल्या आयसी, बझर, सोल्डरिंग गनसुद्धा घेतली. सगळं सीलबंद केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. नमुना म्हणून एक पुरेसा होता. मी अकरा घेतले, कारण अकरा वस्तूंची यादी असली की जप्ती पंचनामा भारदस्त दिसतो. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

दुपारी मास्तरला समोर बसवलं. "तू म्हणतोस ना भरतीसाठी? मग माझ्यासमोर एक बनव."

मुद्देमालातले भाग सील फोडून देता येत नव्हते. म्हणून हवालदाराला बाजारात पाठवून नवे आणवले. मास्तरने यादी दिली ती एका ओळीत मावली. तो टेबलाशी बसला. सवयीने तो शिकवायला लागला.

"ही आयसी बघा साहेब. हिच्यात दोन कामं आहेत. एक, ठोके देणं. घड्याळ टिकटिकतं तसे. ठोका किती लांब, ते या रेझिस्टर आणि कपॅसिटरवर ठरतं. कपॅसिटर म्हणजे हंडा आणि रेझिस्टर म्हणजे नळ. नळ बारीक केला की हंडा भरायला उशीर. दुसरं काम, ठोके मोजणं. आठ हजार एकशे ब्याण्णव ठोके झाले की या पायावर वीज येते. ती या ट्रान्झिस्टरला उठवते आणि तो बझर वाजवतो. मी एक ठोका सेकंदाच्या दोन तृतीयांशाहून किंचित कमी ठेवलाय. म्हणजे बरोबर दीड तास."

"आणि लाल दिवा?"

"मशीन चालू आहे हे कळायला. दिवा मिचकत नसेल तर बॅटरी गेली, त्या दिवशी चिखलात उतरायचं नाही. हा नियम मी पहिल्याच दिवशी घालून दिला."

बझरच्या भोकावर त्याने फुग्याचं रबर ताणून बसवलं, पाणी जाऊ नये आणि आवाज यावा म्हणून. चाळीस मिनिटांत काम झालं. त्याने बटण दाबलं आणि दिवा मिचकला.

"लवकर तपासायचं असेल तर दुसऱ्या पायावर जोडून देतो, तीन मिनिटांत वाजेल."

"नाही," मी म्हणालो. "दीड तास म्हणालास, दीड तासच बघणार."

हवालदार म्हणाला, "सायब, मग चाय तरी मागवा. बॉम्ब फुटायची वाट बघताना आमी कदी उपाशी बसलो नाय."

चहा आला. त्या दीड तासात मास्तरने मला जे सांगितलं ते या प्रकरणाचा गाभा आहे.

खाडीकाठच्या बायका भरती-ओहोटी तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचा पाऊणपट करायचा, तितक्या वाजता भरती पूर्ण. त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी ओहोटी संपते. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्याही हा हिशेब चालता चालता करतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चुकला नव्हता. मग खाडीच्या एका अंगाला भराव पडला, इमारतींसाठी. पाण्याला वाट राहिली नाही, म्हणून भरावाच्या कडेने त्याने नवी वाट काढली. आता भरती समोरून येण्याआधी त्या वाटेने बायकांच्या पाठीमागे येते. समोर चिखल उघडा दिसतो, आणि मागे काठाकडे जायच्या रस्त्यावर छातीभर पाणी झालेलं असतं.

"तिथी बरोबरच असते साहेब," मास्तर म्हणाला. "भरती पूर्ण व्हायची वेळ बदललेली नाही. पाणी कुठून येतं ते बदललंय. पण म्हाताऱ्यांना सांगितलं तर म्हणतात, समुद्र खोटं बोलत नाय. म्हणून मी पंधरा दिवस रोज काठावर बसून मोजलं. एक काळा दगड आहे. तो उघडा पडला की बटण दाबायचं. तिथून दीड तासाच्या वर थांबायचं नाही, उधाणाला तर नाहीच."

मग तो खुर्चीच्या कडेवर आला. "साहेब, मला ठेवा इथं पाहिजे तितके दिवस. पण ते टायमर देऊन टाका. परवा द्वितीया आहे. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर दोन दिवस जास्त असतो."

"दोन दिवस खाडीत जाऊ नका म्हणावं."

"उधाणालाच तर चिखल लांबवर उघडा पडतो. तेव्हाच जास्त मिळतं. त्या जाणारच."

तेवढ्यात बझर वाजला. कोठडीतला एक दारुडा दचकून ओरडला. मी घड्याळ पाहिलं. एकोणनव्वद मिनिटं आणि तीस-पस्तीस सेकंद. माणूस खरं बोलत होता, अर्ध्या मिनिटाच्या फरकाने.

त्याच क्षणी मी काय करू शकत होतो? त्याला सोडू शकत होतो. समोर टेबलावर वाजणारा तो नवा टायमर जप्त नव्हता, माझ्या खिशातल्या पैशांनी आणलेल्या भागांचा होता. तो गावात पाठवू शकत होतो. निदान एका टोळीला मिळाला असता. न्यायालयात त्याच संध्याकाळी अहवाल देऊन बाकीचे बायकांना परत देण्यासाठी सुपूर्तनाम्याचा अर्ज करू शकत होतो. मी यांतलं काहीही केलं नाही. दौरा शनिवारी दुपारी होता. शनिवारपर्यंत कागद जसेच्या तसे राहू देत, मग बघू, असं ठरवलं. मास्तरला रात्री घरी सोडलं, पण रोज सकाळी दहा ते सहा ठाण्यात हजेरी लावली. म्हणजे नवे टायमर बनवायला त्याच्याकडे ना भाग राहिले ना वेळ. टेबलावरचा टायमर मी माझ्या कपाटात ठेवला.

शुक्रवारी एक म्हातारी ठाण्यात आली. अंगाने काटक, कासोटा घट्ट, डोक्यावर रिकामी टोपली. गावात तिला सगळे आत्या म्हणत. बाकड्यावर न बसता ती थेट माझ्या टेबलाशी आली.

"सायब, आमचं वाजायचं नेलंव ते द्या."

"आत्या, मुद्देमाल आहे. कोर्टाचा हुकूम लागतो."

"कोरटाला चिखलात कदी जायचं हाय?"

हवालदार हसला, मीही हसलो. तिने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हसा. माजं काय, मी तिथी मोजून जाते. पन माजी सून त्या वाजायच्याच भरवशावर शिकली. तिला पान्याची वळख नाय. घाटावरची हाय ती."

"मग चार दिवस तिला घरी ठेवा."

"ती मना सोडून ऱ्हात नाय. म्हनते, तुमी एकट्या नका जाऊ."

मी तिला चहा दिला. ती न पिता गेली. त्या दिवशीच्या स्टेशन डायरीत तिच्या येण्याची नोंद नाही. मी करू दिली नाही.

शनिवारी सकाळी पावणेदहाला गावातून फोन आला.

नंतर जबाबांमधून जे कळलं ते थोडक्यात सांगतो. गावातल्या सहा जणी, आत्या आणि तिची सून धरून, चिखलात गेल्या होत्या. आत्याने चालता चालता हिशेब केला होता: द्वितीया, दोनाचा पाऊणपट दीड, दुपारी दीडला भरती पूर्ण, म्हणजे सव्वासातला ओहोटी संपेल आणि नऊपर्यंत निर्धास्त. भराव पडण्यापूर्वी हे अगदी बरोबर होतं. टायमर असता तर तो आठच्या आधी वाजला असता. सव्वाआठला एकीने मागे पाहिलं. काठाकडच्या रस्त्यावर पाणी धावत होतं. पाच जणी हात धरून निघाल्या आणि पार झाल्या. सून मागे होती, एकटी, पलीकडच्या डबक्यात. तिला चिखल उघडाच दिसत होता. तिने हाका ऐकल्या, पण त्या "आत्या हाक मारते, टोपली भरली का विचारते" असं समजून हात हलवला. हे तिच्या सासूनेच सांगितलं.

सुनेच्या मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा मी स्वतः केला. खालच्या अधिकाऱ्याला पाठवू शकलो असतो, पण पाठवलं नाही. त्यामागे कर्तव्यबुद्धी होती असं कोणी समजू नये. मला तो कागद माझ्या हातात हवा होता. लिहिलं: मयत इसम नामे अमुक, वय अंदाजे तीस, तिसऱ्या काढण्यासाठी खाडीत गेली असता भरतीच्या पाण्यात सापडून बुडून मरण पावली. कोणाविरुद्धही संशय नाही. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, चौकशी झाली, फाइल बंद झाली. जप्तीच्या पंचनाम्याचा त्यात उल्लेख नाही. आत्या आदल्या दिवशी ठाण्यात आली होती याचाही नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं. पंचनाम्यात खोटं लिहिणारे अधिकारी मी पाहिले होते आणि त्यांचा मला तिटकारा होता. खोटं न लिहिताही तेच काम करता येतं, हे मला त्या दिवशी माझ्याच हाताने शिकायला मिळालं.

मास्तर त्या दिवशीही दहा वाजता हजेरीला आला. त्याला रस्त्यातच कळलं होतं. माझ्यासमोर उभा राहून त्याने विचारलं, "आज बसू का जाऊ?" एवढंच. मी म्हणालो, "जा तुम्ही." तेव्हा कुठे माझ्या तोंडून "तुम्ही" आलं.

प्रयोगशाळेचा अहवाल बऱ्याच आठवड्यांनी आला. स्फोटक पदार्थ आढळून आला नाही. टायमर परत द्यायचा हुकूम झाला, तेव्हा मी शिपायाला पाठवलं. स्वतः गेलो नाही.

गेल्या वर्षी मी गेलो. नोकरी सोडून बरेच दिवस झाले होते. आत्या अंगणात जाळं विणत होती. मी ओळख सांगू लागलो तर म्हणाली, "वळखलं. बसा." मी तिला सगळं सांगितलं. एक पुरेसा होता हे, कपाटातला टायमर, डायरीत न केलेली नोंद, पंचनाम्यात न लिहिलेलं वाक्य. ती ऐकत होती. हात चालूच होते.

सांगून झाल्यावर मी म्हणालो, "मला हे कागदावर आणायचंय. तुमची हरकत नसेल तर."

तिने जाळ्याची एक गाठ आवळली. मग म्हणाली, "तुमचा कागद माज्या नातवानं वाचून दाकवला व्हता. त्याच्यात तिला पयल्या वळीत येकदा नाव दिलंव. फुडं सगळीकडं मयत, मयत, मयत. लिवायचं तर लिवा. पन तिचं नाव लिवा."

"मला माफ..." मी सुरुवात केली.

"ते मना नका मागू," ती म्हणाली. "मीच मोजली व्हती तिथी."

एवढ्या वर्षांत ती हा भार वाहत होती. माझ्या पंचनाम्यात जप्तीचं एक वाक्य असतं, तर तिला निदान इतकं कळलं असतं की चूक तिच्या एकटीच्या हिशेबाची नव्हती. मी ते वाक्य गाळलं तेव्हा मला वाटलं होतं की मी स्वतःला वाचवतो आहे. प्रत्यक्षात माझ्या वाट्याचा दोष मी तिच्या टोपलीत टाकला होता.

पुढच्या सोमवारी मी माझ्याच जुन्या ठाण्यात गेलो. आताचे निरीक्षक तरुण, सालस आहेत. उभे राहिले, खुर्ची दिली. मी काम सांगितल्यावर गडबडले.

"सर, फाइल कधीच बंद झालीय. कशाला उकरून काढताय? कोणी तक्रार केलीय का?"

"कोणी नाही. मी जबाब द्यायला आलोय."

"तुमची चौकशी लागू शकते, सर. पेन्शनचं..."

"लागू दे."

त्यांनी वरिष्ठांना विचारलं. दोन-तीन चकरा झाल्या. शेवटी एका महिला उपनिरीक्षकाने माझा जबाब नोंदवून घेतला आणि तो वरिष्ठांकडे पाठवला. पुढे काय होईल ते अजून ठरलेलं नाही, आणि जे होईल ते योग्यच असेल.

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीतून काय शिकलात? मी एवढंच सांगतो की समोरचा माणूस खरं बोलतो आहे हे पटल्यानंतरचा जो वेळ असतो, तोच पोलिसाच्या परीक्षेचा. त्याआधीचं सगळं कसब असतं, आणि ते माझ्याकडे बरं होतं. टेबलावर बझर वाजला त्या क्षणापर्यंत मी चांगला अधिकारी होतो. त्यानंतरच्या चाळीस तासांत मी नव्हतो.

शेकडो लोकांचे जबाब मी घेतले. ते वाचून दाखवताना लोक का थांबतात, मान का खाली घालतात, हे टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर समजलं. उपनिरीक्षक लिहीत होत्या. एका ठिकाणी सवयीने त्यांनी "सदर मयत हिस" असं लिहिलं. मी त्यांना थांबवलं आणि ते खोडून नाव लिहायला सांगितलं. पुढेही जिथे जिथे तिचा उल्लेख आला तिथे नावच लिहायला लावलं. तिचं नाव इथे देत नाही; आत्याला ते सरकारी कागदावर हवं होतं. जबाबात ते नऊ वेळा आहे. खाली मी सही केली, आणि सहीवरची ओळ नेहमीचीच होती: जबाब वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.